जाळीपलीकडचा पाला

"तुझ्या त्या ठिपकीला आवर, नाहीतर मुंडी पिरगाळीन तिची!"

शेजारच्या दोघी जावांपैकी धाकटी जाळीवर विळा आपटत ओरडली, तेव्हा मी माझ्या मागच्या दारात चूळ भरत होते. ती चूळ मी गिळूनच टाकली.

"माझी कोंबडी माझ्या परसात आहे," थोरली म्हणाली. "तुझे डोळे फुटलेत का?"

"वाफ्याची कड रोज सकाळी बोडकी होते माझी. कोंबडी नाही, तर काय तुझा नवरा चरतो?"

थोरला दारातच बसला होता. त्यानं मान खाली घातली. धाकटा विहिरीवर दोर ओढत होता, त्याचा दोर तिथंच थांबला. मी दोघांनाही पाहिलं, पण तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

भांडण कॉम्फ्रेच्या पाल्याचं होतं. त्या नावाला आमची जीभ वळत नाही, आम्ही त्याला खरखरी म्हणतो, कारण पानावरची लव हाताला टोचते. धाकटीनं मुळाचे तुकडे पुरून, पाणी घालघालून तो वाफा उभा केलेला. तिच्या सगळ्या कोंबड्या त्यावर पोसल्या जात होत्या. ताजं पान कोंबडी तोंडात धरत नाही. कापून, सावलीत मलूल करून टाकलं की सगळ्या तुटून पडतात. हे मला तिनंच शिकवलं होतं. पण त्या सकाळी बाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

आणि ठिकाणावर राहणार कसं? परसाची वाटणी होऊन मध्ये जाळी पडली, त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. थोरला लोकांची छपरं दुरुस्त करतो. मागे शिडीवरून पडून त्याचा घोटा मोडला, तरी धाकट्यानं साधी विचारपूस केली नाही, असं थोरली मला शंभरदा सांगून रडली होती. आता कुठं तो फडकं गुंडाळून लंगडत चालायला लागला होता. पायाचं हाड धरलं तर पुन्हा छपरावर, नाहीतर घर उपाशी.

तेवढ्यात ठिपकी जाळीच्या भोकातून खरंच आत आली. नशीबच खोटं बिचारीचं. धाकटीनं तिला पंखाला धरून उचललं आणि एका विळ्यात मान उडवली. धड वाफ्यात नाचत राहिलं, हिरव्या पानांवर रक्त उडालं.

"थांब, तुझी चोरी तुलाच दाखवते!" म्हणत तिनं कोंबडीची गळ्याखालची दाण्याची पिशवी टरकन फाडली.

आत मका होता, खडे होते आणि अर्धा किडा. हिरवं काही नव्हतं.

थोरली जाळी तुडवून आली. तिनं धाकटीचे केस धरून तिचं तोंड मातीत दाबलं. धाकटीनं तिच्या मनगटाचा असा चावा घेतला की रक्त आलं. मी सोडवायला धावले, तर कुणाचं तरी कोपर माझ्या जबड्यावर बसलं. अजून थंडीत तो ठणकतो. थोरला लंगडत आला आणि बायकोला मागं ओढायला लागला.

"अहो, बघत काय उभे राहिलात?" धाकटी नवऱ्यावर किंचाळली. "तुमच्या बायकोला दोघं मिळून मारतायत! बांगड्या भरा!"

कुंपणावर आता अर्धी आळी जमली होती. धाकट्यानं सगळ्यांकडे पाहिलं. मग कुदळीचा दांडा उचलला आणि डोळे मिटून हाणला. तो थेट भावाच्या त्याच घोट्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. देवानं तसा आवाज कुणाला ऐकवू नये.

थोरला कोसळला. फडकं सुटलं. आत ठेचलेली, ओली, खरखरीची पानं होती.

धाकटीनं एक पान उचललं, बोटांत चोळलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही?"

धाकट्याच्या हातातला दांडा गळून पडला. "पाल्यानं हाड धरतं म्हणतात. उजाडायच्या आत नेऊन द्यायचो."

"मग तोंड शिवलं होतं का तुमचं? कोंबडी मारली मी! दादांचा पाय मोडलात तुम्ही!"

"तू जाळीपलीकडं जाऊ दिलं असतंस?"

थोरला दात आवळून म्हणाला, "त्याला बोलू नकोस गं. मीच म्हटलं होतं, कुणाला कळू देऊ नकोस."

थोरलीनं मेलेली ठिपकी उचलून छातीशी धरली आणि नवऱ्याकडे अशी पाहत राहिली, जसं काही दांडा त्यानंच मारला होता.

थोरला आता छपरावर चढत नाही. अंगणात बसून टोपल्या विणतो. धाकटी दिवसाढवळ्या पाल्याची पेंडी आणून जाळीपाशी ठेवते, म्हणते, "जाऊबाई, दादांच्या पायाला." थोरली ती उचलते आणि तिच्यादेखत कोंबड्यांपुढं भिरकावते. कोंबड्या चोच लावून बघतात आणि निघून जातात.

धाकटी घरात जाते. दुपारपर्यंत पाला उन्हात मलूल होतो. मग कोंबड्या येतात आणि सगळा खाऊन टाकतात, आणि थोरली त्यांना हाकलत नाही.