हनुमंतचा डावा हात

मी साईड ड्रम बोलतोय. वरातीत घोड्यापुढे किंवा शाळेच्या मैदानावर झेंड्यासमोर माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. काठी पडल्याशिवाय आम्ही बोलत नाही, असं सगळे धरून चालतात. मीही तसंच धरून चाललो होतो. गेल्या जानेवारीत माझ्या पानावर, म्हणजे वरच्या कातड्यावर, काठी नसताना ठोके पडले. तेव्हापासून मला कशाचीच खात्री देता येत नाही.

माझा जन्म मेरठच्या एका गल्लीतला. पितळी अंग, वरती बकऱ्याच्या कातड्याचं पान, खाली झणझणणाऱ्या तारा आणि कडेला पान ताणणारे आठ बोल्ट. गनीभाई बँडमास्तर मला रेल्वेने नगरला आणि तिथून एसटीच्या टपावर घालून प्रवरेकाठच्या आपल्या गावी घेऊन आले. त्यांनी मला ज्याच्या गळ्यात अडकवलं, तो हनुमंत.

हनुमंत पाथर्डीकडचा. लग्नसराईत तो बँडमध्ये असायचा. दिवाळी झाली की मला गनीभाईंच्या घरी ठेवायचा आणि बायको बायडाबाईला घेऊन इथल्याच साखर कारखान्यामागे पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालून ऊसतोड करायचा. एका हंगामात कोयत्याने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. हनुमंत संपला, असं बँडवाले म्हणाले. तो उन्हाळ्यात आला, उरलेल्या बोटांत काठी धरली आणि वाजवायला उभा राहिला. तेव्हापासून त्याचा चौथा ठोका जरा फरपटत पडायचा. ठक्, ठक्, ठक्, ठर्रक्. शंभर ड्रममधून तो वेगळा कळायचा.

गनीभाईंची नात कैनात सात वर्षांची असताना त्याच्यापुढे बिस्किटाचा रिकामा डबा घेऊन बसायची. "डावा पाय आधी, बाळ. हात मागनं येतो," तो सांगायचा.

गनीभाई ओरडायचे, "अरे, पोरीला काय शिकवतोस? मुली बँडमध्ये चालत नाहीत."

"मग काय करू? घोड्यावर बसू?" कैनात विचारायची.

तिने कॉलेजात एनसीसी घेतली, ती ड्रमसाठीच. बी.एस्सी. झाली आणि अग्निशमन केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये लागली. काम सांगायला सोपं. फोन उचलायचा, आग कुठे लागली ते विचारायचं, वर्दी, म्हणजे आगीची खबर, नोंदवायची आणि बंब पाठवायचा. पण फोन वाजेपर्यंत तिची बोटं टेबलाच्या कडेवर परेड करायची. समोर बसणारे काकासाहेब तीस वर्षं या खोलीत होते. त्यांना ते सहन व्हायचं नाही.

"पोरी, तुझ्या कानात बेंड बसलाय. एक दिवस वर्दी चुकशील."

"आजवर चुकले का?"

"चुकल्यावर कळतं. आधी न्हाई कळत."

या वाक्याने ती दिवसभर धुमसायची. म्हाताऱ्या माणसांना भीती हाच अनुभव वाटतो, असं ती मैत्रिणीला फोनवर सांगायची. काकासाहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उसाच्या फडात हनुमंतच्या छातीत कळ आली आणि तो मोळीवरच कलंडला. तो गेल्याचा निरोप आला तेव्हा गनीभाईंनी मला कपाटावरून काढलं आणि माझे आठही बोल्ट सैल केले. त्यांच्या बँडचा तो रिवाज होता. वाजवणारा गेला की त्याच्या वाद्याचा ताण उतरवायचा आणि चाळीस दिवस त्याला हात लावायचा नाही. गेलेल्याचा हात तेवढ्यात सुटतो, म्हणे. हिंदू असो, मुसलमान असो, बँडमधल्या प्रत्येकासाठी त्यांनी हे पाळलं होतं.

कैनातने ते बाराव्या दिवशीच मोडलं. जुन्या कॅडेटांच्या ड्रम पथकात सव्वीस जानेवारीला तिला जागा मिळाली होती आणि ड्रम नव्हता.

"चाळीस दिवस होऊ दे, बेटा," गनीभाई म्हणाले.

"परेड थांबणार आहे का चाळीस दिवस? दादा, कातडं आहे ते. हवामानाने सैल पडतं, बोल्टने घट्ट होतं. एवढंच."

तिने पान्याने एकेक बोल्ट पिळला. आठवा पिळला तेव्हा माझ्या पानाच्या डाव्या बाजूला काहीतरी टेकलं. बोटं टेकावीत तसं. मोजली, तर तीन होती. कैनात तेव्हा दोन्ही हातांनी पाना आवळत होती.

सव्वीस तारखेला काकासाहेबांनी तिची ड्युटी लावली. ती भांडली आणि हरली. तरी त्या सकाळी हट्टाने पथकाबरोबर सराव करून तिथून थेट कंट्रोल रूममध्ये आली, मला कपाटाशेजारी ठेवलं आणि तोंड फुगवून फोनसमोर बसली. खिडकीतून रस्त्यापलीकडचं मैदान दिसत होतं. गोरक्षनाथ ड्रायव्हरने बंब धुऊन त्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. संचलनात बंब सगळ्यात शेवटी जाणार होता. पथकाचे ड्रम सुरू झाले. कैनातचा डावा पाय टेबलाखाली हलायला लागला. स्वच्छ ऊन पडलं होतं, लाउडस्पीकर चालू होता, मुलं कागदी झेंडे हलवत होती.

आणि माझ्या पानावर ठोके पडायला लागले.

ठक्, ठक्, ठक्, ठर्रक्.

काठ्या टेबलावर होत्या. माझ्याजवळ कुणीच नव्हतं. मैदानातले ड्रम एका चालीत आणि हा हात दुसऱ्याच. खालच्या तारा बारीक झणझणत होत्या. पण बाहेरच्या गलबल्यात खोलीत कुणाला ऐकू गेलं नाही.

मग फोन वाजला.

"अग्निशमन केंद्र, बोला." पलीकडे कुणी बोललं नाही. कैनातने रिसीव्हर कानावर दाबला आणि तिचा पाय थांबला.

"मुका फोन का?" काकासाहेबांनी विचारलं. "ठेव. आठवड्यातला चौथा हाय. पोरंटोरं चाळा करत्यात."

"थांबा. कुणीतरी ठोकतंय."

"बाहेर बेंड चालूय, पोरी."

"तो नाही!" तिने फोनच्या छोट्या पडद्यावरचा नंबर पाहिला आणि आपल्या मोबाईलमध्ये शोधला. नाव आलं, हनुमंतकाका. तिने ते काकासाहेबांसमोर धरलं. त्यांनी चष्मा पुढे ओढून वाचलं.

"हा तर मेला ना?"

"हो."

"मग त्याच्या बायकोकडून चुकून लागला असंल."

"काकासाहेब, हा चौथा ठोका फक्त त्यांचाच पडतो. मी सात वर्षांची असल्यापासून ऐकतेय." तिने वायरलेस ओढला. "गोरक्षनाथ, वर्दी. कारखान्यामागे ऊसतोडीवाल्यांचा तळ. बायडाबाई हनुमंत यांची कोपी. लगेच निघ."

"अगं, सगळे साहेब मंचावर बसलेत! बंब नेमका आत्ता काढतेस?" काकासाहेब उभे राहिले. "फोन ठोकला म्हणून गाडी? लेखी काय देशील?"

"काय ऐकलं ते देईन."

बंब माळांसकट रांगेतून निघाला. मैदानावरच्या लोकांना तो संचलनाचाच भाग वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. वहीत वेळ पडली, आठ वाजून बेचाळीस.

अकरा मिनिटांनी वायरलेस खरखरला. "कंट्रोल, तळावर आलोय. काय बी न्हाई इथं. धूर न्हाई, जाळ न्हाई. समदी फडावर गेल्यात. कुत्री झोपल्यात."

काकासाहेबांनी कैनातकडे पाहिलं. मग वहीतल्या आठ बेचाळीसवर बोट ठेवलं. तिचा चेहरा उतरला. कान खरंच फितूर झाले की काय, हा प्रश्न मी तिच्या डोळ्यांत पाहिला. फोन अजून चालूच होता, आणि माझ्या पानावरचा हात आता घाईला आला होता. चाल मोडून नुसते ठोकेच ठोके.

"बायडाबाईंची कोपी बघ. आत जाऊन बघ," ती म्हणाली.

"बघतो. आत बाई झोपलीय वाटतं, अंगात ताप... थांबा. थांबा. कंट्रोल, पेटली! आत्ता, माझ्यासमोर पेटली!"

वाऱ्याने चुलीतला निखारा कुडाच्या पाचटावर उडवला होता. पाचटाची कोपी जळायला दोन मिनिटं पुरतात. बंब दहा पावलांवर उभा होता म्हणून बायडाबाई खांद्यावरून बाहेर आली. शेजारच्या चौदा कोप्याही वाचल्या.

माझ्या पानावरचे ठोके थांबले. फोन आपोआप बंद झाला.

वहीतली नोंद पाहून साहेबांनी विचारलं, आग लागली आठ चौपन्नला आणि वर्दी आठ बेचाळीसला कशी? कैनातने लिहून दिलं, "ठोके ऐकू आले. ओळखीचे होते." खाली काकासाहेबांनी सही केली. "मी हजर होतो," एवढंच त्यांनी लिहिलं.

दहा दिवसांनी गनीभाई बायडाबाईला घेऊन केंद्रात आले. तिच्या दंडाला पट्टी होती. तिने पदरातून एक साधा मोबाईल काढून टेबलावर ठेवला.

"त्यांचा फोन. ते गेल्यापास्नं माझ्या माहेरी, पाथर्डीला, पेटीत हुता. बंद. भावानं काल आनून दिला."

काकासाहेबांनी बटण दाबून पाहिलं. बॅटरी पार मेलेली होती. मागचं झाकण उघडलं, तर आत सिमकार्डच नव्हतं. तेवढ्यात केंद्राचा फोन वाजला आणि सगळे दचकले. चुकीचा नंबर होता.

"बेटा, बोल्ट सैल कर," गनीभाई म्हणाले. "तो अडकलाय."

"नाही करणार," कैनात म्हणाली. "दादा, एक बाई वाचली. उद्या आणखी कुणी वाचेल. रिवाजापायी मी हे सोडून देऊ? आणि या खुर्चीत बसून?"

तिचं चुकत नव्हतं. पण तिला जे ठाऊक नव्हतं, ते मला ठाऊक होतं. आगीनंतर थांबलेला तो हात त्याच रात्री पुन्हा सुरू झाला होता आणि आता थांबतच नव्हता. वर्दी असो, नसो. कुणी नसताना, सगळे असताना, भर दुपारी तो माझ्यावर चालत राहायचा, कुणाला ऐकू जाणार नाही इतका हलका. आता त्यात इशारा नव्हता. नुसती चाल होती, थकलेली. पानावर डावीकडे पांढरा चट्टा पडला होता. तिथे काठी कधी लागली नव्हती.

बायडाबाई उठली आणि तिने त्या चट्ट्यावर तळहात ठेवला. मग तिचे डोळे भरले.

"चालतोय अजून," ती म्हणाली. "ऊस तोडून आला तरी ह्याची बोटं थांबायची न्हाईत. झोपंत बी माझ्या पाठीवर वाजवायचा. म्या म्हनायची, अवो, बसा की जरा. बसतो म्हनायचा." ती कैनातकडे वळली. "बाय, त्यानं तुला शिकीवलं. मला वाचीवलं. आता किती राबवायचा त्येला?"

कैनातने एकदा फोनकडे पाहिलं. मग ड्रॉवरमधून पाना काढून माझ्यासमोर खाली बसली.

पहिला बोल्ट सैल झाला. दुसरा. ठोके हळू होत गेले. सातव्याला फक्त बोटं टेकलेली उरली. तीन.

"हनुमंतकाका," ती हळूच म्हणाली, "आराम से."

आठवा बोल्ट तिने सैल केला. बोटं उचलली गेली.

तेव्हापासून मी कंट्रोल रूमच्या कपाटावर ढिला पडून आहे. चाळीस दिवस कधीच उलटले, पण मला ताणायची कुणाला इच्छा नाही, आणि माझीही नाही. कैनातने नवा ड्रम घेतला. एक मेच्या संचलनात ती पहिल्या रांगेत होती, कारण तिच्या खुर्चीवर त्या दिवशी काकासाहेब बसले. "एक तासच," त्यांनी तिला बजावलं. "आन् डावा पाय नीट टाक. सगळं गाव बघतंय."

त्याच तासात मुका फोन आला.

काकासाहेबांनी रिसीव्हर धरला. पलीकडे शब्द नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिसीव्हर टेबलावर ठेवला, स्टूल ओढून वर चढले आणि माझ्या ढिल्या पानाला कान लावला. त्यांचा श्वास मला लागत होता. मला सांगायचं होतं, काकासाहेब, इथे आता कुणी नाही. पण सांगणार कसं?

ते खाली उतरले आणि फोन पुन्हा कानाला लावला. "बोला. मी हाय लायनीवर. सावकाश बोला, मी ठेवत न्हाई."

मैदानावरून ड्रम ऐकू येत होते. काकासाहेब फोन धरून थांबून राहिले. पलीकडून आधी नुसता श्वास आला. मग एका बाईचा घुसमटलेला आवाज म्हणाला, "गोठा... गोठा पेटलाय."

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. मुका फोन आला, तर लगेच ठेवू नका. दर वेळी मेलेला माणूस सांगायला येणार नाही.