सातवा महिना

"ह्या बाईच नेसून दाखवतील की! त्यांनाबी दिवस गेल्यात," गरोदर लेकीला साडी घ्यायला आलेल्या शालूबाई संयोगिताकडं बघत मोठ्यानं म्हणाल्या.

गल्ल्यावरचे आप्पासो घाईनं उठले. "मावशी, दुसरी पोरगी बोलवतो की."

"नगं आप्पा. मी नेसते," संयोगिता म्हणाली.

राजारामपुरीतल्या या साड्यांच्या दुकानात ती नऊ वर्षं गिऱ्हाइकांना साड्या नेसून दाखवत होती. तिच्या अंगावर साधी साडीही खपते, असं आप्पासो म्हणायचे. दोन महिन्यांपूर्वी, सातव्या महिन्यात, तिचं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. बाळ गेलं, पोट मात्र तसंच राहिलं. घरी जाताना उचगावच्या बसमध्ये बायका उठून जागा द्यायच्या. पहिल्यांदा तिनं एकीला खरं सांगितलं, तर ती बाईच रडकुंडीला आली. तेव्हापासून ती मुकाट बसायची. आंघोळ डोळे मिटून करायची. नवरा, उदयसिंह, म्हणायचा, "पुढचं बघू की." सासूबाई रोज घट्ट पोट बांधून द्यायच्या. झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

शालूबाईंच्या लेकीच्या, तेजस्वीच्या, डोहाळजेवणासाठी हिरवी साडी हवी होती. संयोगितानं ती अंगावरच्या साडीवरून गुंडाळली, निऱ्या घातल्या. शालूबाई विहिणीसाठी साडी बघायला पलीकडं गेल्या, तशी तेजस्वी जवळ सरकली.

"ताई, कितवा तुम्हाला?"

संयोगिता निऱ्या सारख्या करत होती. "सातवा."

"आरशात बघवतंय तुम्हाला? मला न्हाय बघवत. हे अंग माझं न्हायच, असं वाटतंय. सारखं रडू येतंय. आई म्हणती, नशीबवान हाईस, हसत ऱ्हा."

संयोगिताचा हात निऱ्यांवरच राहिला. "मलाबी न्हाय बघवत," ती म्हणाली. हे ती आज पहिल्यांदाच कुणाला सांगत होती.

"मग काय करता?"

"काय न्हाय. गप बसते. पण तू गप बसू नगंस. डॉक्टरीणबाईंना सांग. आईम्होरं जमत नसंल तर आईला भाईर बसीव. पण सांग."

तेजस्वीनं डोळे पुसले आणि मान हलवली.

साडी पसंत पडली. जाताना शालूबाईंनी संयोगिताच्या पोटाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला. "अंबाबाई तुम्हालाबी सुखरूप सोडवंल."

"व्हय," संयोगिता म्हणाली.

त्या गेल्यावर आप्पासो जवळ आले. "खोटं कशाला बोललीस, पोरी?"

"भ्याली असती की ती पोरगी."

पसरलेल्या साड्यांच्या ढिगापाशी ती खाली बसली. घड्या घालायला एक साडी ओढली, पण काठाला काठ जुळेना.

"आप्पा, उद्या उशिरा येते. दवाखान्यात जायचंय."

"पोट दुखतंय व्हय?"

"पोट न्हाय," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

एवढ्यात चार-पाच बायका दुकानात शिरल्या. आप्पासोंनी त्यांना पुढच्या गादीवर बसवलं, स्वतःच साड्या काढून दाखवायला लागले, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत त्यांनी तिकडं कुणालाही फिरकू दिलं नाही.