कडी आतल्या बाजूला

धुळ्याच्या बाहेर, पांझरेच्या पाटाजवळ 'सांजसोबत' नावाचा वृद्धाश्रम आहे. भिकुबाई तिथे आली ती कोणी आणून सोडली म्हणून नव्हे. उभं आयुष्य तिने कापूस वेचणाऱ्या बायकांची मुकादमी केलेली. सकाळी बायका गोळा करायच्या, शेतावर न्यायच्या, दिवस कलला की शेतकऱ्याशी भांडून वजन नीट करून घ्यायचं. पुढे खुब्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण साक्रीकडच्या घरात एकटीने राहणं जमेना. तेव्हा तिने स्वतःच चौकशी केली, स्वतःच जागा बघून गेली आणि खिडकीजवळची खाट पसंत करून तिच्याखाली आपली पेटी सरकवली.

जेवण बरं होतं, माणसंही बरी होती. एकच गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून खुपली. संध्याकाळची जेवणं उरकली की मदतनीस बाई यायची आणि प्रत्येक खोलीला बाहेरून कडी घालून जायची. ती कडी सकाळीच निघायची. कोणी त्याबद्दल बोलत नसे. रोजचंच झालेलं, त्यात बोलायचं काय, असं सगळ्यांना वाटे.

मग एका संध्याकाळी, कडी लागल्यावर, तिच्या खोलीतली पुष्पाबाई आतल्या न्हाणीत घसरून पडली. भिकुबाईने दार बडवलं, हाका मारल्या. मदतनीस बाई पलीकडच्या इमारतीत टीव्हीसमोर बसलेली, तिला काही ऐकू गेलं नाही. शेवटी भिकुबाईने स्टीलचा तांब्या खिडकीच्या गजांवर इतका आपटला की रस्त्यावरचा एक मोटारसायकलवाला थांबला आणि त्याने आत जाऊन माणसं बोलावली. पुष्पाबाईचं मनगट मोडलं होतं. तेवढा वेळ ती गार फरशीवर रडत पडली होती, आणि भिकुबाईला तिच्या डोक्याखाली उशी देण्यापलीकडे काही करता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती व्यवस्थापकाच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"भाऊ, आम्ही बठ्ठा काय ढोरं शेतस का, सगळ्यांना बाहेरून कडी लावायला?"

व्यवस्थापक ज्ञानेश्वर वाईट माणूस नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, चहा मागवला. "अक्का, पंडितनानांना तुम्ही ओळखता ना? तुम्ही यायच्या आधी ते दोनदा रात्रीचे निघून गेले. एकदा हायवेवर सापडले, ट्रकांच्या मधोमध. तेव्हापासून या कड्या. उद्या काही झालं तर त्यांच्या मुलांना मी काय तोंड दाखवू?"

"एका नानांसाठी बठ्ठ्यांना कोंडायचं?"

"मग काय करू, तुम्हीच सांगा."

त्याने हे रागाने म्हटलं नव्हतं, म्हणून तिनेही रागाने उत्तर दिलं नाही. "कड्या काढून आतून लावा. मोडक्या मनगटाचं माणूससुद्धा उघडू शकेल अशा. आणि नानांकडे मी बघते."

ज्ञानेश्वरने बराच विचार केला. "ठीक आहे. पण नाना एकटे बाहेर गेलेले दिसले, की कड्या परत जागच्या जागी."

"कबूल," भिकुबाई म्हणाली.

सुताराने कड्या बदलल्या. पुष्पाबाईने प्लास्टर घातलेल्या हाताने आपलं दार उघडून आणि लावून पाहिलं, आणि हसत बसली.

पंडितनानांना मात्र विस्मरणाचा आजार होता. बायको वारलेली त्यांच्या लक्षात नसे, सकाळचा चहा घेतलेलाही नसे. दिवसभर ते शांत असत. ऊन उतरायला लागलं की जिवाची घालमेल सुरू व्हायची, ती झोप लागेपर्यंत. फाटकाकडे जायचे, परत यायचे, हात एकमेकांवर चोळायचे आणि तेच तेच बोलायचे. भिकुबाई त्यांच्यावर नजर ठेवून होती. पण आठवड्याच्या आतच, भाजीचा टेम्पो आत येताना फाटक उघडं राहिलं आणि नाना दिसेनासे झाले.

सगळे हायवेकडे धावले. भिकुबाईही निघाली आणि फाटकाबाहेर येऊन थांबली. नाना रोज काय बोलतात ते तिने आठवून पाहिलं. 'पानी वाया जाई राह्यनं' असं ते म्हणत. तिला वाटे, नळाबद्दल बोलत असतील. आता एकदम उमगलं. नाना कोण होते? पाटकरी. फडाच्या, म्हणजे एकाच पाटावर भिजणाऱ्या, शेतांना पाणी सोडणारा आणि वेळेवर बंद करणारा माणूस. ती हायवेकडे पाठ करून काठी टेकत उसाच्या बांधावरून पाटाकडे चालू लागली.

नाना तिथेच होते. धोतर वर खोचून, पाण्यात उभे राहून, शेतात जाणाऱ्या पाण्याचं तोंड, म्हणजे बारी, चिखलाने बुजवत होते. हात चोळणं थांबलं होतं. ज्याचं शेत, तो झुलाल कमरेवर हात ठेवून अचंब्याने बघत उभा होता. "अक्का, माझ्याआधी यांनीच बारी बांधली," तो म्हणाला. "आणि चांगली बांधली."

"माले आते घर जानं शे," नाना पाण्यातून म्हणाले, "पन हाई काम व्हवू दे."

"व्हवू द्या नाना. मी बी हात लावस." भिकुबाई काठावर बसली आणि ओंजळीने चिखल पुढे करू लागली.

पाणी थांबलं. नानांनी हात धुतले, पाटाकडे एकदा नीट पाहिलं आणि स्वतःहून आश्रमाच्या दिशेने वळले. त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले आणि कोणी न सांगता अंथरुणावर गेले.

ज्ञानेश्वर सुताराला फोन लावतच होता. भिकुबाईने त्याला थांबवलं.

"आपलं ठरलंय अक्का. नाना गेले."

"एकटे गेले तर, असं ठरलंय. आजचं जाऊ द्या, ती माझी चूक. उद्यापासून ते एकटे जाणारच नाहीत. रोज ऊन उतरलं की आम्ही दोघं-चौघं त्यांना पाटावर नेणार. तुम्ही चला आणि स्वतः बघा."

तो गेला. एकदा नाही, रोज जाऊ लागला. झुलालने नानांसाठी एक हलकं फावडं बांधावर ठेवून दिलं. संध्याकाळची घालमेल हळूहळू ओसरली, झोपेची गोळी डॉक्टरांनी कमी केली आणि कड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

समाजकल्याण खात्याच्या दिपमाला मॅडम तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी प्रत्येक दाराला आतून हात लावून पाहिला. वृद्धाश्रमांसाठी नवी नियमावली बनत होती, आणि जळगावला धुळे आणि जळगाव अशा दोन्ही जिल्ह्यांची बैठक होती. "तिथे संस्थाचालक असतील, अधिकारी असतील. राहणारं कोणीच नसेल. तुम्ही याल?" त्यांनी भिकुबाईला विचारलं.

"येते. पण पुष्पाबाईपण येईल."

बैठकीत उंच भिंतींवर बोलणं झालं, कॅमेऱ्यांवर झालं. भिकुबाईची पाळी आली तेव्हा ती खुर्चीला धरून उभी राहिली. "माझ्या टोळीतून एखादी बाई मधेच निघून गेली, तर मी शेताला कुंपण घातलं नाही. ती का गेली ते विचारलं. आमच्या नानांनापण कोणी विचारलं असतं, तर हायवेवर जायची पाळी आली नसती."

"आणि अपघात झाला तर?" एका संस्थाचालकाने विचारलं. त्याच्या आवाजात ज्ञानेश्वरसारखीच काळजी होती.

"होईल एखादा. घरातही होतो. पण ही पुष्पाबाई बंद दाराआड पडली, तोही अपघातच होता." तिने जरा दम घेतला. "माणूस कशासाठी उठून जातो, हे शोधायला माणसं लागतात, वेळ लागतो. ती माणसं वाढवा. आणि प्रत्येक आश्रमाच्या समितीत तिथे राहणारे दोघं असू द्या, त्यांनीच निवडलेले."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वादच सुरू झाला, आणि तो जेवणापर्यंत चालला. भिकुबाईला ते आवडलं. टाळ्या वाजवून माणसं घरी जातात, हे तिला ठाऊक होतं.

नियमावलीचा मसुदा आला तेव्हा त्यात बाहेरून कडी लावायला मनाई होती. समितीत राहणाऱ्या दोघांना जागाही होती. मदतनीस वाढवण्याच्या मुद्द्यापुढे मात्र 'विचाराधीन' असं लिहिलेलं होतं. भिकुबाईने त्या शब्दाचा अर्थ दिपमाला मॅडमना फोन करून दोनदा विचारून घेतला आणि म्हणाली, "म्हणजे आम्ही परत येतो."

तेवढ्यात अमळनेरच्या वृद्धाश्रमातून निरोप आला. तिथे मसुदा वाचूनच समितीच्या दोन जागांसाठी सात म्हातारे उभे राहिले होते, रोज भांडणं होत होती, आणि व्यवस्थापक हैराण झाला होता. येऊन मिटवता का, असं विचारत होते.

"मिटवायला कशाला?" भिकुबाई पुष्पाबाईला म्हणाली, आणि हसत हसत एसटीत बसायची तयारी करू लागली. "भांडू दे चांगलं. आपण जाऊन मतं कशी घ्यायची तेवढं दाखवू."