शीतहस्त महाराजांचा गार तळवा

सकाळचे दहा वाजले की भाजलेल्यांच्या वॉर्डाबाहेरच्या लांब व्हरांड्यात पाय ठेवायला जागा उरत नसे. बाकांवर नातेवाईक, बाकांच्या पाठींना टेकून नातेवाईक, आणि ज्यांचे आत कोणीही नव्हते असे हाडांच्या वॉर्डातले दोघे कुबड्या सावरीत हजर. सगळ्यांचे डोळे जिन्याकडे लागलेले असत, कारण जिन्यावरून शीतहस्त महाराज येत.

महाराजांचा सदरा पांढराशुभ्र आणि बाह्या अशा ढगळ की एकेका बाहीत दोन उशांचे अभ्रे शिवून व्हावेत. वॉर्डाच्या दारापाशी ते क्षणभर थांबत आणि मग रांगेतल्या एकेकाच्या कपाळावर उजवा तळवा टेकवीत. तळवा बर्फासारखा गार लागे. भर उन्हाळ्यात, पंख्यालाही धाप लागलेल्या त्या व्हरांड्यात, माणसाचा हात इतका गार कसा, या एका प्रश्नावर निम्मे रुग्णालय महाराजांच्या पायांशी पालथे पडले होते.

“तुमची आग मी पितो, लेकरांनो,” महाराज सांगत. “काल चौदा जणांची प्यालो. पोटात नुसता डोंब उसळला. पण म्हटलं, सोसलं पाहिजे.”

“चौदा जणांची आग पिऊनही गृहस्थाच्या अंगावर मूठभर मांस चढलंय,” दारात उभ्या असलेल्या मोठ्या सिस्टर धाकट्या सिस्टरच्या कानाशी म्हणाल्या.

मोठ्या सिस्टरांनी या वॉर्डात एकतीस वर्षे काढली होती. त्यांच्या शब्दाशिवाय इथे खिडकीही उघडत नसे. दोन नियम त्यांनी स्वतः घालून दिले होते. आत येणाऱ्या प्रत्येकाने दारातल्या बाटलीतले स्पिरिट हाताला चोळायचे, हा पहिला. ड्रेसिंगच्या खोलीत कोणी चकार शब्द काढायचा नाही, हा दुसरा. बडबडीने हात चुकतो, असे त्यांचे ठाम मत होते. पेशंटने डोळे मिटावेत, दात आवळावेत आणि काम झटपट उरकू द्यावे. भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती: शांतता राखा.

याच खोलीत काचमामांनी आठवडाभर आकाशपाताळ एक केले होते. काचमामा म्हणजे काचेच्या कारखान्यातले जुने कारागीर. लांब नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन, फुंकर घालून, फुलदाण्या घडविणारे. भट्टीच्या तोंडाशी पाय घसरला आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. जखमा भरत होत्या. पण रोज पट्टी बदलणे, बोटे वाकवून घेणे, हे चुकत नव्हते. ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला, की मामांना घाम फुटे.

अशा वेळी मामींनी महाराजांना गाठले. नवऱ्याच्या किंकाळ्या भिंतीआडून ऐकणाऱ्या बाईला दुसरे काय सुचणार? तरुण डॉक्टरांनीही, पेशंट शांत राहत असेल तर बसू द्या उशाशी, म्हणून परवानगी दिली. आणि खरोखरच चमत्कार झाला. महाराजांनी गार तळवा कपाळावर ठेवला. गळ्यातल्या माळेतले निळे मणी मोजायला लावले. श्वास आत घे, आता आग हळूहळू बाहेर सोड, असे सांगत राहिले. आग वर चढली की डावं बोट उचल, मी या सिस्टरचे हात थांबवतो, असेही बजावले. मामांनी बोट उचलले, महाराज “थांबा” म्हणाले आणि मोठ्या सिस्टरांचे हात एकतीस वर्षांत प्रथमच मध्येच थांबले. त्या दिवशी मामा किंचाळले नाहीत. नुसते कण्हले.

हे सिस्टरांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. नाकारता येत नव्हते, म्हणून तर अधिक झोंबत होते.

तिसऱ्या दिवशी महाराजांनी खरा डाव टाकला. आता घरी न्यायचे, जखमेवर त्यांची राख भरायची, वरून फडके बांधायचे आणि एकवीस दिवस ते सोडायचे नाही. बोटे तर मुळीच हलवायची नाहीत. हलली तर झोपलेली आग जागी होते. मामींनी लगेच पिशवी भरायला घेतली.

सिस्टरांनी त्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, की राखेने जखम चिघळेल, आणि तीन आठवडे न हललेली बोटे आखडून बसतील. मग मामांना नळी काय, पाण्याचा पेलाही धरता यायचा नाही. मामींनी ऐकून घेतले. मग खाली बघत म्हणाल्या, “तुमचं खरंच असेल, सिस्टर. पण ते म्हणतात, बोटं जाऊ देत, ती खोली नको. मी काय सांगू त्यांना?”



दुपारी सामानाच्या वहीवर सही करताना सिस्टरांचे पेन अडले. दारातली स्पिरिटची बाटली आठवडाभर पुरायची, ती हल्ली दोन दिवसांत तळ गाठत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या चादरींच्या कपाटाआड जाऊन उभ्या राहिल्या. साठीला टेकलेल्या बाईने कपाटामागे दडावे हे शोभत नाही, पण वॉर्ड त्यांचा होता आणि बाटलीही त्यांचीच होती. महाराज आले. बाटलीखाली त्यांनी तळवा नव्हे, जाडजूड हातरुमाल धरला, चिंब भिजविला आणि बाहीत सरकविला. मग प्रत्येक कपाळाआधी बोटे हळूच बाहीत जात, ओली होऊन बाहेर येत. उडून जाताना स्पिरिट कातडीची उष्णता घेऊन जाते. इंजेक्शनआधी दंडावर बोळा फिरविल्यावर प्रत्येकाला लागते तेच हे गार. सिस्टरांच्या पहिल्या नियमावर महाराजांचा संसार चालला होता.

पण अर्धेच कोडे सुटले होते. गार कपाळाने भाजलेला हात कसा शांत होईल? सिस्टर चहाचा कप घेऊन बसल्या आणि महाराजांनी त्या खोलीत काय काय केले ते आठवू लागल्या. ते बोलले, मोजायला लावले, श्वास लांबवायला लावला, पेशंटच्या बोटाच्या खुणेवर काम थांबविले. म्हणजे ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टरांच्या रीती त्यांनी एकेक करून मोडल्या होत्या, आणि प्रत्येक मोडलेल्या रीतीने मामांना आराम पडला होता. एरंडेल गिळावे तसा हा विचार त्यांनी गिळला. चहा निवून गेला.

त्या उठल्या आणि मामींच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. घरी न्यायचे तर कागद अडवणार नाही, म्हणाल्या. पण जाण्याआधी आज एक ड्रेसिंग होऊ द्या, महाराजांच्या पूर्ण शक्तीसह. अट एकच: महाराज पडद्याआड बसतील. मंत्र मनातल्या मनात, बोलायचे नाही.

महाराजांनी मान हलविली. “शक्तीला पडदा चालत नाही, बाई.”

“चौदा जणांची आग पचते, आणि हातभर कापड आडवं येतं?”

कुबडीवाल्यांपैकी एक फिसकन हसला. महाराजांना पडद्याआड बसणे भाग पडले. मामांनाही सिस्टरांनी सगळे समजावून विचारले. ते म्हणाले, “करा. मलाही कळू दे.”

दुखणे कमी करणारी गोळी रोजच्याप्रमाणे अर्धा तास आधी दिलेली होती; तिला फाटा द्यायचा प्रश्नच नव्हता. आधी मनगटाकडची छोटी पट्टी, जुन्या पद्धतीने, मुकाट्याने. पडद्याआड शक्तीचे काम जोरात चालू. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य, असा आकडा मामांनी सांगायचा होता. मामा ओरडले, “आठ!”

“महाराज, जरा जोर लावा,” धाकटी म्हणाली.

मग महाराजांना व्हरांड्यात पाठविले. सिस्टरांनी स्टूल ओढले, मामांच्या डोळ्यांना डोळे भिडवले आणि सांगितले, की तुम्ही “थांब” म्हटलं की आमचे हात वर, आणि तुम्ही “चल” म्हणेपर्यंत खाली येणार नाहीत. त्यानंतर विचारले, “मामा, फुलदाणी फुंकायची कशी? गाल फुगवून, ना?”

“गाल फुगवून?” मामांना ते सहन झाले नाही. “शिट्टी आहे का ती? पोटातनं यावी लागते फुंकर. बारीक. सुतासारखी.”

“दाखवा.”

मामांनी श्वास घेतला आणि सुतासारखा सोडला. धाकटीचे हात उरलेल्या मोठ्या पट्टीवर चालू होते. नळी फिरवत का ठेवायची, गोळा नारिंगी असताना फुंकला तर काय होते, मान बारीक कधी करायची, सिस्टर विचारत गेल्या आणि मुद्दाम चुकत गेल्या. मामा प्रत्येक चुकीला दटावत आणि प्रत्येक फुंकर घालून दाखवीत. दोनदा “थांब” म्हणाले. दोन्ही वेळा सगळ्यांचे हात खरोखर वर गेले. बोटे वाकवून झाली तेव्हा मामा फुलदाणीच्या बुडाशी पोहोचले होते.

“किती?” सिस्टरांनी विचारले.

मामांनी हाताकडे पाहिले. “झालं पण? चार. नाही, साडेतीन धरा.”

दाराशी उभ्या मामींनी पिशवी खाली ठेवली.

सिस्टर बाटली घेऊन व्हरांड्यात आल्या. समोरच्या दहा-बारा तळव्यांवर त्यांनी स्पिरिट ओतले आणि शेजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवायला फर्मावले. व्हरांड्यात एकदम डझनभर महाराज अवतरले. कुबडीवाल्यांनी एकमेकांची आग पिऊन घेतली. मग सगळ्यांचे लक्ष त्या ढगळ बाहीकडे गेले. महाराजांनी हात मागे घेतला, त्या झटक्याने ओला रुमाल चपकन फरशीवर पडला आणि स्पिरिटचा ओळखीचा वास सुटला. शक्तीचा अपमान झाला, असे काहीतरी पुटपुटत महाराज जिना उतरले. येताना लागे त्याच्या निम्म्या वेळात. रुमाल धाकटीने उकळून धुतला आणि खिडक्यांच्या काचा पुसायला घेतला.

“पण यांना आराम तर पडला होता, सिस्टर,” मामी म्हणाल्या. “तो खोटा कसा?”

“आराम खराच होता. पण तो तळव्याचा नव्हता, राखेचा नव्हता, यांचाच होता,” सिस्टर म्हणाल्या. “भीती वाढली की दुखणं दुप्पट लागतं. मन दुसऱ्या कामात गुंतलं की दुखण्याच्या वाट्याला कमी उरतं. लांब श्वासानं छातीतली धडधड उतरते. आणि थांबवणं आपल्या हातात आहे हे कळलं, की निम्मी भीती तिथंच जाते. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. केलं नाही, म्हणून महाराजांचं फावलं.”

मोठ्या सिस्टरांच्या तोंडून असे काही निघालेले धाकटीने कधी ऐकले नव्हते. तिने ते ऐकलेच नाही असे दाखविले. संध्याकाळी लाल पाटी उतरली आणि तिथे नवी लागली: पेशंटशी बोलत राहा. तो थांब म्हणाला की थांबा.

मामा आणखी महिनाभर राहिले. गोळी, मलम, व्यायाम काही चुकले नाही. दुखलेही, पण ट्रॉलीच्या आवाजाने घाम फुटायचे थांबले. सिस्टरांच्या टेबलावर आता एक फुलदाणी आहे, किंचित वाकडी, कारण बरे झाल्यावर मामांनी घडविलेली ती पहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याने चौकशी केली की सिस्टर हकीकत सांगतात आणि शेवटी बजावतात: आराम पडला तर आनंद माना, पण तो कशाने पडला ते शोधल्याशिवाय कोणाच्या पायांवर डोके ठेवू नका. एकेक गोष्ट काढून पाहा, आकडा मांडून पाहा. आणि कोणाचा हात फारच गार लागला, तर आधी त्याचा वास घ्या.