वजनकाट्यावर दोघी

अग्निशमन केंद्रात बंब चालवणारी ती एकटीच बाई. बाळंतपणाची रजा संपून कामावर रुजू व्हायचं, तर आधी तंदुरुस्तीची चाचणी द्यावी लागणार होती. चाचणीत वजनाची मर्यादा होती, आणि ती नऊ किलोंनी पुढे गेली होती. हातात पाच आठवडे.

तिने कोणाला पत्ता लागू दिला नाही. न्याहारी सोडली. दुपारी दोन घास. बाळ झोपलं की जिन्याच्या फेऱ्या, चार मजले, दहा वेळा. सासूबाई ताट पुढे करायच्या, "अगं, खा ना नीट! अंगावर पाजतेस."

"खाल्लं की, आई. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा."

दोन आठवड्यांत तीन किलो उतरले. आरशासमोर ती मनातल्या मनात खूश झाली. पण दूध काढायचा पंप लावला की बाटली भरेना. आधी एका बैठकीला वर काठापर्यंत यायचं, आता तळ जेमतेम झाकायचा. मुलगी ओढत राही, सोडून रडे, पुन्हा ओढे. दूध आटलं की काय? चाचणी पास झालेली आई आणि उपाशी लेक, असं झालं तर?

लसीकरणाच्या दिवशी परिचारिकेने बाळाला काट्यावर ठेवलं आणि जुना आकडा पुन्हा पाहिला.

"दोन आठवड्यांत जेमतेम ऐंशी ग्रॅम? ताई, तुमचं जेवण कसं आहे?"

"व्यवस्थित."

सासूबाई शेजारीच होत्या. त्या नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेपुढे ती टिकली नाही. "सिस्टर, मी खातच नाहीये," म्हणाली आणि ढसाढसा रडू लागली.

परिचारिका रागावली नाही. तिने खुर्ची जवळ ओढली. "वजन कमी करा की, पण हळूहळू. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झालं. उपास बंद. बाळाला वारंवार छातीशी घ्या, दूध वाढेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊन या. तेव्हाही वजन वाढलं नाही, तर आपण डॉक्टरांना दाखवू."

बाहेर आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं?"

दुसऱ्याच दिवशी तिने केंद्रप्रमुखांना फोन लावला. चाचणी दोन महिने पुढे ढकला म्हणताना जीभ अडखळत होती. ते म्हणाले, "तोवर नियंत्रण कक्षात बसाल का? तिथे फक्त फोन उचलायचेत."

"बसेन, साहेब."

ती पोटभर जेवायला लागली, तरी धास्ती काही जाईना. प्रत्येक घास घेताना काटा डोळ्यांपुढे नाचे, आणि प्रत्येक पाजण्यानंतर ती बाळाचे गाल चाचपून बघे. आठव्या दिवशी परिचारिकेने आकडा मोठ्याने वाचला. एकशे नव्वद ग्रॅम वाढ. सासूबाईंनी टाळी वाजवली. मुलगी दचकून रडायला लागली, आणि तिने तिथेच बाकावर बसून तिला पाजायला घेतलं.