छातीच्या उंचीवरचा सांधा

मी काँक्रीटचा एक गोल तुकडा आहे. वीतभर लांब, मनगटापेक्षा जाड, आणि आता दोन तुकड्यांत फुटलेला. फुटलो म्हणून हळहळू नका. सत्तेचाळीस वर्षं मी परिचारिकांच्या वसतिगृहातल्या एका खांबाच्या पोटात होतो, आणि माझ्याबद्दलचं खरं काय ते फुटल्यावरच कळलं.

आमचा खांब जेवणघराच्या मधोमध. तो ओतला एका तरुण गवंड्यानं. त्याची बायको दिवस भरत आले तरी घमेली वाहत होती. तो तिला बस म्हणायचा. ती म्हणायची, घरी बसून भिंती मोजायच्या, त्यापेक्षा इथं त्या उभ्या होताना बघते. खांब छातीपर्यंत भरला आणि तिला कळा सुरू झाल्या. त्यानं हातातली थापी टाकली आणि तिला घेऊन गेला. मुकादम मागून हाका मारत राहिला. अर्धा खांब तसाच वाळत पडला.

दुसऱ्या दिवशी तो आला. मुलगी झाली होती. डोळे तारवटलेले, पण चेहरा हसरा. मुकादम म्हणाला, वरून ओत आणि मोकळा हो. पण त्यानं शटरिंगची एक फळी काढली, तारेच्या ब्रशनं वाळलेला थर खरवडला, धुतला, पातळ सिमेंट चोपडलं आणि मगच उरलेला माल ओतला. म्हणून माझी एक कूस त्या मुलीच्या जन्मदिवसाची आणि दुसरी त्यानंतरच्या दिवसाची. वरून गिलावा झाला, रंग चढला. सांधा कुणाला दिसला नाही.

पुढचे दिवस आठवले की अजून बरं वाटतं. ड्यूटीवरून आलेल्या मुली आम्हाला पाठ टेकून चपला काढायच्या. एकीनं घरचं पत्र आमच्याआड उभं राहून वाचलं, रडताना कुणी बघू नये म्हणून. परीक्षा जवळ आली की हाडांची नावं घोकत खांबाभोवती फेऱ्या सुरू. मला ती सगळी अजून पाठ आहेत.

मग न्हाणीघराकडचा गिलावा पडला, आतल्या सळ्यांचा गंज दिसला, आणि इमारत पाडायची बोलणी सुरू झाली. त्याआधी ताकद तपासायला एक इंजिनिअर बाई आल्या. स्प्रिंगच्या हातोडीनं त्या एकेक खांब ठोकायच्या आणि आकडा लिहायच्या. आमचा आकडा छान आला.

तेवढ्यात, इमारत पाडणार असं कानावर आलेला एक म्हातारा काठी टेकत आत आला, सोबत त्याची मुलगी. आवाज ऐकला आणि मी ओळखलं.

"बाई, त्या आकड्यावर जाऊ नका," गवंडी म्हणाला. "या खांबात इथं, छातीपाशी, सांधा आहे. माझ्याच हातचा."

बाईंनी हातोडी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, जुन्या काँक्रीटचं वरचं कातडं हवेनं कडक होतं, हातोडी त्याला फसते. पोटातला तुकडा काढून दाबून बघावा लागणारच होता; कुठून काढायचा, ते आता कळलं.

मग म्हाताऱ्यानं त्या दिवशी काम का सोडलं ते सांगितलं. मुलगी ऐकत राहिली.

"म्हणजे माझ्यामुळे, बाबा?"

"तुझ्यामुळे नाही गं. दुसऱ्या दिवशी नीट केलं होतं मी. पण खरंच नीट झालं का, हे कुणाला विचारणार? वर एवढ्या पोरी झोपतात."

सळ्या चुकवून, पाणी सोडत, यंत्रानं मला कापून काढलं. प्रयोगशाळेत दोन्ही टोकं सपाट केली आणि लोखंडी दाबयंत्रात उभं केलं. म्हातारा हट्टानं आला होता, बाकावर बसून होता. दाब वाढत गेला. मी जमेल तेवढा तग धरला, मग फुटलो.

बाईंनी मला उचलून त्याच्या हातात दिलं. "बघा, तडा खडी फोडून गेलाय. सांध्यातून नाही."

तो बराच वेळ सांध्याच्या रेघेवरून अंगठा फिरवत राहिला. मग मुलीला म्हणाला, "तुझी आई असती तर म्हणाली असती, एवढ्यासाठी उगीच जीव जाळलात."

एका तुकड्यावर इमारतीचा निकाल लागत नाही. इतर खांबांतूनही तुकडे काढले. न्हाणीघराकडचे तीन खांब अशक्त निघाले. त्यांना नव्या काँक्रीटचं जाड आवरण घालायचं ठरलं. इमारत राहिली, मुली राहिल्या.

तपासलेले तुकडे एरवी फेकून देतात. मला म्हाताऱ्यानं मागून घेतलं. आता मी त्याच्या मुलीच्या घरी खिडकीत असतो. धूळ पुसताना ती माझे दोन्ही तुकडे पुन्हा जुळवून ठेवते.

माझं एक मागणं आहे. जुन्या इमारतीची ताकद बघायची तर यंत्रं जरूर आणा, पोटातला तुकडाही काढा. पण ती ज्यांनी ओतली त्यांच्यापैकी कुणी हयात असेल, तर आधी त्याच्याकडे जा. आम्ही थांबू शकतो. माणसांना तेवढा वेळ नसतो.