विसाराचं बोकड

इंग्रजीत नामाआधी ‘अ’ कुठं लावायचा अन् ‘द’ कुठं, हे शिकवताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. अल्फियानं मात्र त्यावर झकास तोडगा काढला होता. तिचे अब्बा, इमामभाई, इंदापूरच्या बाजारात शेळ्या-बोकडं विकतात. बाजारात उभं असलेलं कुठलंही एक बोकड, ते ‘अ’. पण गिऱ्हाइकानं सौदा पक्का करायला थोडे पैसे आगाऊ, म्हणजे विसार, दिला आणि अब्बांनी बोकडाच्या पाठीवर गुलालाचा पट्टा ओढला, की ते झालं ‘द’. आता घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही पक्कं ठाऊक असतं, कोणतं बोकड ते.

बारामतीच्या एका शाळेत इंग्रजीच्या बाईंची एकच जागा निघाली होती. सहावीच्या वर्गावर नमुना पाठ घ्यायचा, आणि विषय नेमका हाच. बीएडची मैत्रीण उत्कर्षा, तिनंही अर्ज केलेला. म्हणून काय झालं? एका डब्यात जेवलेल्या पोरी त्या! आदल्या दिवशी अल्फिया काटेवाडीला तिच्याकडंच मुक्कामाला गेली आणि संध्याकाळी गोठ्यापुढं अख्खा पाठ तिला करून दाखवला. उत्कर्षा विद्यार्थिनी होऊन बसली, खोदून खोदून शंका विचारत राहिली.

“कसलं भारी सुचलंय गं तुला!” ती म्हणाली. “मी आपली फळ्यावर नियम लिहीन. मला कुठलं सुचायला असलं!”

अल्फियाला उलट तिची कीवच आली.

सकाळी पहिला नंबर उत्कर्षाचा लागला. तोवर अल्फिया ऑफिसात बसून होती. तिला बोलावणं आलं तेव्हा उत्कर्षा मागच्या बाकावर मुख्याध्यापिका मॅडमच्या शेजारी बसली होती. अल्फिया तिच्याकडं बघून हसली आणि फळ्यावर बोकड काढायला लागली. सगळा वर्ग फिसकन हसला.

“मिस, आता गुलाल लावणार ना?” पुढचा पोरगा ओरडला. “आत्ताच झालं की हे! त्या मिसनी शिकवलं.”

अल्फिया खडू हातात घेऊनच वर्गाकडं वळली. “हात लावू नका, इसार झालाय!” हे अब्बांचं बाजारातलं बोलणंसुद्धा पोरं हेल काढून म्हणून दाखवत होती. मेलीनं तेवढंही ठेवलं नव्हतं.

“मॅडम, हे माझं हाय!” तिच्या तोंडून एकदम घरची बोली बाहेर पडली. “माझ्या अब्बांचा धंदा हाय हा. काल मीच हिला...”

“उत्कर्षा लहानपणी आजोबांबरोबर बाजाराला जायची, तिथलं हे. आत्ताच सांगितलं तिनं.” मॅडमचा आवाज चढला. “दुसऱ्याचं उचलायचं आणि वर तोंड करून बोलायचं?”

अल्फियानं उत्कर्षाकडं पाहिलं. बोल की गं बये! एक शब्द तरी बोल!

उत्कर्षा उठली. जवळ येऊन तिनं अल्फियाच्या खांद्यावर हात ठेवला.

“जाऊ द्या मॅडम,” ती म्हणाली. “मैत्रीण आहे माझी. मी माफ केलं तिला.”

“मन असावं तर असं,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी अल्फियाला दार दाखवलं.